मिस मार्पलच्या कथा : एकच पुस्तक दोन नावांनी घेतलं, आता पुढे?

मृदगंध_नाशिक :

मंडळी, ख्रिस्तीच्या जाणकारांची मदत हवी आहे.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं, डाव्याचं व्हायचंय. नवा नंबर पक्का होईपर्यंत जुन्याच चष्म्यावर निभावणं चाललंय. वीसेक मिनिटं वाचलं की डोळा पाणावतो, पुस्तक मिटावं लागतं आणि मग ती घरात दिसेल त्याच्यावर डाफरते. बरोबरच आहे म्हणा, खुनाच्या ऐन मध्यावर कुणी पुस्तक मिटतं का?

आई रहस्यकथावाल्या अगाथा ख्रिस्तीची भक्त, त्यातही तिच्या म्हाताऱ्या हौशी गुप्तहेर मिस मार्पलची. ख्रिस्तीचाच दुसरा गुप्तहेर पॉयरॉ "फार मिशा पिळतो" म्हणून नावडता. मार्पलच्या बाराही कादंबऱ्या झाल्यात, 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' तर तीनदा. म्हटलं कथासंग्रह आणू, एका बैठकीत एक गोष्ट संपेल. ऑनलाइन दोन मागवले, 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' आणि 'द ट्यूसडे क्लब मर्डर्स'. पार्सल आलं. आईने भिंग लावून दोन्ही अनुक्रमणिका ताडून पाहिल्या आणि म्हणाली, "अगं, ही जुळी आहेत." तेराच्या तेरा कथा त्याच! विक्रेत्याचं म्हणणं, छपाईत दोष नाही, सबब पुस्तक परत घेणार नाही.

आणखी पैसे घालवायच्या आधी विचारते. मार्पलच्या कथांची पुस्तकं एकूण किती, आणि कुठलं आधी घ्यावं? शिवाय आईची एक शंका आहे, ती तिच्याच शब्दांत : "मालिका चालली की प्रकाशक उरलेल्या कणकेच्या पुऱ्या लाटतात. तसलं असेल तर मला नको, मी डोळा बरा होईपर्यंत रेडिओ ऐकेन."

चहाबाज :

'मिस मार्पल : द कंप्लीट शॉर्ट स्टोरीज' घ्या. वीसच्या वीस कथा एका पुस्तकात. विषय संपला.

मिशीवाला :

आईंचा तीव्र निषेध! पॉयरॉच्या मिशा हा टिंगलीचा विषय नाही. त्यांना 'द लेबर्स ऑफ हर्क्युलिस' (१९४७) द्या. निवृत्त होऊन भोपळे पिकवायचे ठरवलेला पॉयरॉ त्याआधी बारा निवडक केसेस घेतो, ग्रीक पुराणातल्या हर्क्युलिसच्या बारा कामगिऱ्यांना जुळतील अशा. एका बैठकीत एक, अगदी मापात. वाचून झाल्यावर आईंचं मत कळवा. पालटलं नाही तर मी माझी मिशी उतरवतो.

वाचनालयवाली :

मृदगंध, माझं उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

मी डोंबिवलीत एकोणतीस वर्षं वाचनालय चालवलं. दहा बाय बाराचा गाळा. इंग्रजी रहस्यकथांचं एकच कपाट, पण त्यातल्या दोन फळ्या ख्रिस्तीबाईंच्या. ही जुळ्यांची भानगड माझ्याही गळ्यात पडली होती. इंग्लंडात एका नावाने निघालेलं पुस्तक अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघायचं, आणि आपल्याकडे फूटपाथवर दोन्ही सुखाने शेजारी पडलेली असायची. 'थर्टीन प्रॉब्लेम्स' हे इंग्लंडातलं नाव, १९३२ सालचं. 'ट्यूसडे क्लब मर्डर्स' म्हणजे तेच, पुढच्या वर्षी अमेरिकेत. दुसरी प्रत मात्र परत पाठवायच्या मागे लागू नकोस. तिचा उपयोग सांगते पुढे.

आधी कणकेचं बोलू. आईंची शंका रास्त आहे, पुष्कळ मालिकांच्या बाबतीत तसं होतंही. इथे गाडी उलटी आहे. मिस मार्पल जन्मली तीच मुळी कथेत. पहिली कथा 'द ट्यूसडे नाइट क्लब', 'रॉयल मॅगझिन'चा डिसेंबर १९२७ चा अंक. पहिली कादंबरी 'द मर्डर अॅट द व्हिकरेज' आली १९३० मध्ये. आईंना आवडत असतील त्या डॉली बँट्री आणि त्यांचे कर्नलसाहेब 'द बॉडी इन द लायब्ररी'त (१९४२) भेटतात ना? ते दोघं त्याच्या कितीतरी आधी या कथांमध्ये जेवायला माणसं बोलावून बसलेत. सर हेन्री क्लिदरिंगही इथलेच. म्हणजे पुऱ्या आधी लाटल्या, कणीक पुरली आणि उरली म्हणून नंतर बारा कादंबऱ्या झाल्या.

पुस्तकाची बांधणी अशी. पहिल्या सहा कथा मिस मार्पलच्या बैठकीच्या खोलीत घडतात. भाचा रेमंड वेस्ट लेखक आहे, त्यामुळे आपल्याला माणसं कळतात असा त्याचा समज. सोबत एक चित्रकार मुलगी, एक धर्मोपदेशक, एक वकील आणि स्कॉटलंड यार्डचे माजी प्रमुख सर हेन्री. ठरतं असं की दर मंगळवारी एकाने स्वतःला ठाऊक असलेलं खरं प्रकरण सांगायचं आणि बाकीच्यांनी उत्तर शोधायचं. माणसं मोजताना ती मंडळी कोपऱ्यातल्या म्हातारीला मोजायलाच विसरतात. ती काळ्या जाळीचे हातमोजे घालून पांढरी लोकर विणत बसलेली. त्याआधीच तिने एक 'गूढ' सांगितलेलं असतं. मिसेस कॅरदर्सनी एका दुकानातून सोललेली कोळंबी घेतली, आणखी दोन दुकानं केली, घरी येऊन बघतात तर कोळंबी नाही! रेमंडला तर गंमतच वाटते, की मावशी हे कसलं गावातलं गूढ सांगतेय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गाळ्यात एकटीच मोठ्याने हसले होते. डोंबिवलीच्या बाजारात कोळंबी विसरून आलेली बाई माझ्याकडे आठवड्याला एक तरी यायची, आणि तिला ते खुनाहून गंभीर वाटायचं.

ख्रिस्तीबाईंनी मार्पल घडवताना आपल्या आजीच्या वळणाच्या म्हाताऱ्या डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. प्रत्येकाबद्दल वाईटच गृहीत धरायचं आणि बहुतेक वेळा तेच खरं निघायचं, ही आजीची खोड त्यांनी हिला दिली. कादंबऱ्यांत ही बाई पुष्कळदा दीडशे पानं झाली तरी नीट पुढे येत नाही. कथांत ती पहिल्यापासून खुर्चीत आहे. उठतसुद्धा नाही.

आता वाचायचं कसं ते. ही कथा पेन्सिल घेऊन वाचायची असते, आणि हे मला एका सभासदाने शिकवलं.

झालं असं, की सभासदांच्या तक्रारी येऊ लागल्या. ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांत कुणीतरी मधल्याच एखाद्या पानाच्या समासात पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवतं आणि शेवटी खुनी तोच निघतो! एक बाई तर डिपॉझिट परत मागायला आल्या. मी चार पुस्तकं काढून नावं बघितली. सगळीकडे इंग्रजी 'आर'चा पाय एकाच तऱ्हेने लांब ओढलेला. मग सभासदत्वाचे अर्ज काढून बसले. अर्जांत तो पाय सापडला. निवृत्त बँकवाले गृहस्थ, पावसाळ्यात ओली छत्री न चुकता दाराबाहेर ठेवून आत येणारे. अशा सज्जन माणसाला बोलायचं कसं? मी बोललेच नाही. 'थर्टीन प्रॉब्लेम्स'ची कोरी प्रत आली होती, ती खाकी कव्हर घालून पहिल्यांदा त्यांनाच दिली आणि वाट पाहिली.

दोन आठवड्यांनी पुस्तक आलं. तेरा कथांत तेरा नावं, प्रत्येक नाव उलगडा सुरू होण्याच्या बरोबर आधीच्या परिच्छेदाशेजारी. पण त्यांतली चार चुकलेली! चुकलेल्यांवर आडवी रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात 'फसलो'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दुसऱ्यांची मजा घालवत नव्हता, स्वतःची परीक्षा देत होता. कादंबऱ्यांत तो बहुधा बरोबर यायचा एवढाच त्याचा गुन्हा. मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "वहिनी, उत्तर लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. नाहीतर नंतर सगळेच म्हणतात, मला आधीच माहीत होतं."

मी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या कापून त्या पुस्तकात ठेवायला लागले. नाव चिठ्ठीवर लिहा, पुस्तकावर नको. आणि गंमत म्हणजे शेवटच्या, तेराव्या कथेत मिस मार्पल स्वतः तेच करते. गावातली एक मुलगी नदीत बुडून मरते, संशय भलत्यावर असतो, आणि ही बाई सर हेन्रींच्या हातात खुन्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी देते. बँकवाल्या काकांना ती कथा सगळ्यांत प्रिय होती, ते ओघाने आलंच.

आता एक अडचण. आईंना ही ओळ दाखवू नकोस, आणि ज्यांनी पहिली कथा वाचलेली नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

पहिल्या कथेचं कुलूप एका इंग्रजी शब्दप्रयोगावर आहे. टीपकागदावर एका नवऱ्याच्या पत्रातले तुटक शब्द उलटे उमटलेत. बायको मेल्यानंतर मी अमुक, आणि पुढे 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स'. सगळ्यांना वाटतं शेकडो नि हजारो पौंड. इंग्लंडातल्या कुठल्याही आजीला मात्र ठाऊक असतं की ट्रायफल नावाच्या गोडावर जे रंगीत साखरेचे बारीक दाणे पेरतात, त्यांचं हे नाव. आपल्याकडे केकवर ते दाणे असतात, पण हे नाव कुणाच्या तोंडी असतं? त्यामुळे मराठी वाचक न खेळताच बाद होतो. मी ही गोष्ट सासूबाईंना सांगायला घेतली तेव्हा याच ठिकाणी अडले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी ऐन वेळी बदल केला, म्हटलं कागदावर फक्त 'मोती' एवढंच दिसत होतं, पुढचं पुसलेलं. घरातल्या सगळ्यांना वाटलं मोत्यांचा सर. सासूबाईंनी ताटातून मानही वर न काढता सांगितलं, "मोतीचूर असेल मेला. लाडवातनं घातलं असेल." आणि खडा काढून बाजूला टाकला. मला तर काकांच्या तेरा चिठ्ठ्यांपेक्षा ते उत्तर भारी वाटलं.

तेव्हा आईंना ही माहिती आधी मिळायला हवी, पण सरळ सांगितलीस तर गेलीच मजा. ख्रिस्तीबाई करतात तसं कर. चार निरुपयोगी गोष्टींत ती पाचवी दडव. जेवताना इंग्रजांच्या गोडधोडाचा विषय काढ. कस्टर्ड, जेली, मिन्स पाय, ट्रायफल, त्यावरचे ते दाणे आणि त्यांचं नाव, मग लगेच ख्रिसमस पुडिंगमधलं नाणं. विषय बदल आणि आमटी वाढ.

खरेदीचं थोडक्यात. तेरा कथा तुझ्याकडे आहेत, दोनदा आहेत. 'मिस मार्पल्स फायनल केसेस' हे १९७९ चं, ख्रिस्तीबाई गेल्यानंतर तीन वर्षांनी आलेलं. त्यात मार्पलच्या सहा आणि वर दोन भुताटकीच्या वळणाच्या कथा, ज्यांत मार्पल औषधालाही नाही. आईंना आधी सांगून ठेव, नाहीतर पुन्हा डाफरतील. त्या सहांतली 'मिस मार्पल टेल्स अ स्टोरी' चुकवू नकोस. ती मार्पल स्वतःच्या तोंडाने सांगते आणि मुळात रेडिओसाठी लिहिलेली होती, म्हणजे आईंची रेडिओची हौसही भागेल. विसावी 'ग्रीनशॉज फॉली', ती 'द अॅडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग'मध्ये (१९६०) पॉयरॉच्या पाच कथांच्या गर्दीत आहे. 'फायनल केसेस'च्या काही नव्या आवृत्त्यांत तीही घातलीय, तेव्हा अनुक्रमणिका बघूनच घे. 'द रेगाटा मिस्टरी', 'थ्री ब्लाइंड माइस', 'डबल सिन' हे अमेरिकी संग्रह समोर आले तर सरळ पुढे जा. मार्पलचं त्यांत जे आहे ते या तिघांत येऊन गेलंय. चहाबाज म्हणतात ते एकत्रित पुस्तक उत्तमच, पण माझ्याकडची प्रत बारीक टायपाची आणि हाताला जड. ऑपरेशननंतर छातीवर ठेवून वाचायच्या कामाची नाही.

आईंना कुठे कुठे ओळखीचं वाटेल. ख्रिस्तीबाई आपलेच सांगाडे पुन्हा वापरायच्या. 'द कंपॅनियन' वाचताना तर, तीनदा वाचलेल्या त्या कादंबरीची आठवण होऊन आई तिसऱ्या पानावरच हुंकार देतील.

डोळा फारच त्रास देत असेल तर जोन हिक्सननी वाचलेलं 'थर्टीन प्रॉब्लेम्स' ऐकायला मिळतं. बीबीसीच्या मालिकेत १९८४ ते १९९२ मिस मार्पल झालेली हीच ती बाई. त्या मालिकेत बारा कादंबऱ्याच केल्या होत्या, कथांना हात लावला नव्हता. त्यामुळे आईंनी मालिका बघितली असली तरी कथांची उत्तरं फुटलेली नाहीत.

आणि दुसरी प्रत. आईंना कुणी बहीण, मैत्रीण आहे का वाचणारी? तिला धाड. मंगळवारी दोघींनी एकच कथा वाचायची, उलगड्याच्या आधी थांबायचं, चिठ्ठी लिहायची आणि मग फोन.

कोकणकडा :

वाचनालयवाल्या काकू, दंडवत. भर म्हणून दोन गोष्टी. २०२२ मध्ये 'मार्पल : ट्वेल्व्ह न्यू स्टोरीज' आलंय, बारा आजच्या लेखिकांनी लिहिलेल्या नव्या मार्पलकथा. व्हॅल मॅकडर्मिड, रूथ वेअर, एली ग्रिफिथ्स वगैरे. आणि छोटं काही हवंच असेल तर वसीम खान यांचा मुंबईतला इन्स्पेक्टर चोप्रा. निवृत्त पोलीस आणि त्याचं हत्तीचं पिल्लू! मुख्य मालिकेच्या जोडीला दोन छोट्या कादंबरिका आहेत. एकीत बंद गॅरेजमधून महागडी मोटार गायब होते, दुसरी 'लास्ट व्हिक्टिम ऑफ द मान्सून एक्स्प्रेस' रेल्वेगाडीत घडते. दोन-तीन बैठकांत एक होते.

वाचनालयवाली :

चोप्राचं हत्तीचं पिल्लू मला पसंत आहे, नातवालाही. त्या नव्या बारांचं माझं मत विचारशील तर, गणपतीच्या कार्यक्रमात पाहुण्या गायिकांनी जुनी गाणी म्हणावीत तसं आहे. दोन-तीन जणींनी सूर बरोबर धरलाय. एकीने तर मार्पलला थेट मॅनहॅटनला नेलंय. नेईनात बापड्या. पण आईंना मूळच्या वीस कथा झाल्याशिवाय देऊ नका. नाहीतर पुन्हा त्या कणकेवरून ऐकून घ्यावं लागेल.

चहाबाज :

काकू, मी 'विषय संपला' लिहिलं होतं ते मागे घेतो.

मृदगंध_नाशिक :

उशीर झाला, पण वृत्तांत द्यायलाच हवा.

दुसरी प्रत कोल्हापूरला मावशीकडे गेली. गेल्या शनिवारी जेवताना मी काकूंच्या सांगण्याप्रमाणे इंग्रजी गोडधोडाचा विषय काढला. बाबा म्हणाले, "आज हे काय मध्येच?" मी घाईघाईने पुडिंगमधल्या नाण्यावर गेले आणि आमटी सांडली.

मंगळवारी दोघींनी पहिली कथा वाचली. आईने दोन टप्प्यांत, मध्ये डोळ्यात थेंब घालून. रात्री नऊला फोन, स्पीकरवर. मावशीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं 'सोबतीला राहणारी बाई', खाली दोन रेघा ओढून. आईच्या चिठ्ठीवर नाव नव्हतंच. एकच शब्द होता, 'ट्रायफल'.

उलगडा वाचून झाल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग मावशी म्हणाली, "ताई, तुला त्या दाण्यांचं नाव कसं ठाऊक? आपण दोघी एकाच शाळेत होतो."

आईने चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मग आमटीच्या डागाकडे.

आता मावशीचा हुकूम आहे की पुढच्या मंगळवारपर्यंत मी आईशी स्वयंपाकाबद्दल काहीही बोलायचं नाही.